इंग्रजीच्या तासाला मैत्री आणि चिडवाचिडवी: एक छोटी कादंबरी बारा तासांत कशी शिकवायची

कोकणातल्या शाळेत नुकतेच रुजू झालेले आणि सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवणारे जे शिक्षक आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. यातले बरेच जण घाटावरून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेले असतात. मुलांची मालवणी कानात बसायला सहा महिने जातात. मधल्या सुट्टीत कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं, हे कळायला त्याहून जास्त. मी इथलीच, सिंधुदुर्गातल्याच शाळेत शिकले, तरी पहिल्या वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. ती आधी सांगते, कारण खालच्या बहुतेक पायऱ्या त्या चुकीतूनच आल्या आहेत.

सातवीच्या वर्गात मैत्रीवरचा एक धडा संपवला आणि सरळ विचारलं, "या वर्गात कोणाला कोणी चिडवतं का?" कोणी तोंड उघडलं नाही. पण सगळ्या माना एकाच बाकाकडे वळल्या. त्या बाकावरच्या मुलीची आई बाजारात मासे विकते. मुलीने मान खाली घातली आणि दप्तराचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. बोटाचं टोक पांढरं पडलं तरी सोडेना. पुढचे चार दिवस ती शाळेत आली नाही. ज्यांनी तिला नाक दाबून चिडवलं होतं त्यांनीसुद्धा तिला अख्ख्या वर्गासमोर असं उघडं पाडलं नव्हतं. ते माझ्या प्रश्नाने झालं.

तेव्हापासून मी हा विषय पुस्तकाच्या आडोशाने शिकवते. गोष्टीतल्या मुलीबद्दल मुलं भरभरून बोलतात. त्यात स्वतःचं किती आणि तिचं किती, हे विचारायचं नाही.

1. पुस्तक निवडताना

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळांमध्ये या विषयासाठी आर. जे. पॅलासिओ यांची 'वंडर' ही 2012 सालची कादंबरी घेतात. चांगली आहे, पण तीनशेच्या वर पानं आहेत. आपल्या मराठी आणि सेमी-इंग्रजीच्या मुलांना ती पेलत नाही. निम्मं वर्ष अर्थ सांगण्यातच जातं.

मी एलिनॉर एस्टस यांची 'द हंड्रेड ड्रेसेस' घेते. पुस्तक 1944 चं आहे. सात लहान प्रकरणं, जेमतेम ऐंशी पानं, त्यातही चित्रं भरपूर. एनसीईआरटीच्या दहावीच्या इंग्रजी पुस्तकात याचेच दोन भाग होते, म्हणून काही शिक्षकांना ती धडा म्हणून माहीत असेल. पूर्ण पुस्तक वेगळं आहे, तेच मिळवा.

गोष्ट थोडक्यात सांगते. वांडा पेट्रॉन्स्की ही पोलंडहून आलेल्या गरीब कुटुंबातली मुलगी रोज एकच विटका निळा ड्रेस घालून शाळेत येते. एके दिवशी ती सांगते की माझ्याकडे घरी शंभर ड्रेस आहेत. त्यावरून पेगी तिला रोज प्रश्न विचारून छेडते. पेगीची जिवलग मैत्रीण मॅडी शेजारी उभी असते. तिला हे आवडत नाही, पण ती काही बोलत नाही.

ही मॅडीच मला हवी होती. चिडवणारी दोन-चार असतात, चिडवलं जाणारी एक-दोन. उरलेला सगळा वर्ग मॅडी असतो. पुस्तक दुसरं निवडलंत तरी हरकत नाही, पण त्यात शेजारी गप्प उभं राहणारं पात्र ठळक असायला हवं. खलनायक आणि बिचारी एवढंच असलं, तर प्रत्येक मूल स्वतःला बिचारीच्या बाजूचं समजतं आणि सुटतं.

2. कधी घ्यायचं, काय जमवायचं

जूनमध्ये सुरू करू नका. जुलैत ओहोळांना पाणी चढलं की पलीकडच्या वाडीतली मुलं येत नाहीत, मग गणपतीची सुट्टी, मग पहिल्या सत्राची परीक्षा. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की नोव्हेंबर-डिसेंबर हा सलग काळ मिळतो. पुस्तकातली गोष्टही ऑक्टोबरच्या आसपास रंगते आणि नाताळात संपते. शिमग्यावर ढकललंत तर पुन्हा हजेरी विस्कटते.

पस्तीस मिनिटांचे बारा तास धरा, आठवड्याला दोन. वार्षिक नियोजनात 'पूरक वाचन' म्हणून नोंद करा आणि टाचणात प्रत्येक तास लिहा. केंद्रप्रमुख आले की पाठ्यपुस्तक सोडून हे काय चाललंय, असं विचारतात. नोंद असली की पुढे बोलणं सोपं जातं.

लागणारं सामान:

- पुस्तकाच्या चार-पाच प्रती. चौघांत एक पुरते. सगळ्या पुस्तकाची झेरॉक्स काढून वाटू नका. लेखिका 1988 मध्ये वारल्या आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. वर्गात शिकवण्यापुरता एखादा उतारा फळ्यावर किंवा कागदावर देण्यात अडचण नाही.
- मुख्याध्यापकांची लेखी संमती आणि पालकसभेत दोन वाक्यांची माहिती. "मैत्री या विषयावर इंग्रजी गोष्ट वाचणार आहोत" एवढं पुरे.
- पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या, सगळ्या एकाच मापाच्या.
- झाकणाला फट पाडलेला खोका.
- निळ्या कापडाचा तुकडा. कशाला ते पुढे येईल.
- चित्रकलेचे कागद आणि रंग. रंग शाळेचे घ्या. घरून आणायला सांगितलंत तर कोणाकडे बारा रंगांची पेटी असते, कोणाकडे दोन तुकडे, आणि ज्या गोष्टीवर बोलायचं आहे तीच वर्गात घडते.

3. आधी पंधरा दिवस फक्त बघा

ही पायरी गाळू नका. पुस्तक उघडण्याआधी वर्गाचा नकाशा काढा. बाकावर कोण कोणाशेजारी बसतं, मधल्या सुट्टीत डबा कोण कोणाबरोबर खातं, गट पाडताना शेवटी कोण उरतं. वही घरी ठेवा, टेबलावर सोडू नका.

आपल्या भागात नजर कुठे ठेवायची ते सांगते. पावसाळ्यात एकच गणवेश असलेल्या मुलाचा शर्ट वाळत नाही, ओला घालून येतो, त्याला वास येतो. सड्यावरच्या (वरच्या कातळपठारावरच्या) वाडीतून चालत येणाऱ्यांचे पाय गुडघ्यापर्यंत लाल असतात. मासळीच्या धंद्यातल्या घरची मुलं, चिऱ्याच्या खाणीवर कर्नाटकातून आलेल्या मजुरांची मुलं, आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या नेपाळी कुटुंबांतली मुलं. आणि मुंबईहून आजी-आजोबांकडे कायमचं राहायला आलेलं मूल, ज्याला मालवणी येत नाही.

वांडाही गावाबाहेरच्या टेकाडावर राहते आणि तिचे पाय वाळलेल्या चिखलाने भरलेले असतात. आपल्या मुलांना ही मुलगी परकी वाटत नाही. पुस्तकाची ताकद तीच आहे, आणि धोकाही तोच. तुमच्या वर्गात वांडाशी हुबेहूब जुळणारं मूल असेल तर वाचनाच्या वेळी त्या बाकाकडे नजरसुद्धा जाऊ देऊ नका. मी त्या दिवशी खिडकीच्या बाजूला उभी राहून वाचते.

4. मस्करी कुठे संपते, ते मुलांच्याच शब्दांत ठरवा

इंग्रजीतल्या 'बुलिंग'ला मराठीत एक नेमका शब्द नाही. दादागिरी म्हटलं की मुलांना मारामारी दिसते. छळ म्हटलं की सासुरवास. मग मी फळ्यावर मुलांचेच शब्द गोळा करते: चिडवणं, खोड्या, नाव ठेवणं, कट्टी, अबोला, वाळीत टाकणं.

'वाळीत' हा शब्द इथल्या मुलांना समजावून सांगावा लागत नाही. घरात कधीतरी ऐकलेला असतो. मी त्यांना एवढंच सांगते की मोठ्या माणसांनी कोणाला वाळीत टाकलं तर महाराष्ट्रात तो गुन्हा आहे, 2016 साली तसा कायदा झाला, आणि तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. वर्ग एकदम शांत होतो. डब्याला कोणाला न घेणं ही साधी गोष्ट आहे असं ज्यांना वाटत असतं, ते विचारात पडतात.

दुसरी अडचण टोपणनावांची. कोकणात टोपणनाव नसलेला माणूस सापडणं अवघड. 'बाबल्या', 'बाळा', 'बारक्या' यात जिव्हाळा आहे. म्हणून सरसकट बंदी घालू नका, मुलं ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबरही असतं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी या विषयावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मांडणीतल्या तीन खुणा मी फळ्यावर लिहिते: मुद्दाम केलेलं, पुन्हा पुन्हा केलेलं, आणि समोरचा उलट बोलू शकत नाही अशा जागी असलेला. सातवीतल्या एका मुलाने याचं जे मराठी केलं तेच आता मी वापरते: "ज्याका चिडवतंत तो पण हसता काय, ता बघायचा." मी त्यात एक भर घालते. काही मुलं रडू येऊ नये म्हणूनही हसतात. तेव्हा तोंड हसत असलं तरी डोळ्यांकडे बघा.

या तासाला स्वतःकडेही बघा. शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम मारण्याला जशी बंदी घालतं तशी मानसिक त्रासालाही. वर्गात कोणाला 'ढ' म्हणण्याची सवय असेल तर ती आधी सोडा. मुलं आपल्याकडूनच उचलतात.

5. पहिले तीन तास: नाव, हजेरी, चिखल

पहिल्याच तासाला 'वांडा' हे नाव वाचलंत की वर्ग हसणार. मराठीत 'वांड' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे. पेट्रॉन्स्कीवर आणखी हसतील. रागावू नका. "काय गंमत वाटली?" एवढं विचारा आणि मुलांनी जे सांगितलं ते एका कागदावर लिहून, तारीख घालून, पाकिटात ठेवा. काही बोलू नका. हे पाकीट अकराव्या तासाला लागणार आहे.

एक सक्त सूचना. इथून मुलांच्या आडनावांकडे वळू नका. कोकणात आडनावावरून वाडी कळते, वाडीवरून जात. तो दरवाजा वर्गात उघडला तर तुम्हाला बंद करता येणार नाही.

दुसरा तास हजेरीचा. गोष्टीची सुरुवात फार ताकदीची आहे. सोमवारी वांडा वर्गात नाही, आणि वर्गाच्या ते लक्षातही येत नाही. मंगळवारीही तेच. बुधवारी पेगी आणि मॅडीच्या लक्षात येतं, कारण तिला छेडायला त्या वाटेत थांबतात आणि त्यांनाच शाळेला उशीर होतो. फळ्यावर तीन रकाने आखून वारांची इंग्रजी नावं लिहा आणि साध्या भूतकाळातले प्रश्न विचारा: 'हू नोटिस्ड?', 'व्हेन?', 'व्हाय?' शेवटच्या प्रश्नावर थांबा. तिची आठवण कशासाठी झाली, हे मुलांना आपणहून कळायला वेळ लागतो. तो वेळ द्या, उत्तर पुरवू नका.

तिसऱ्या तासाला वांडाचं वर्णन. शब्द थोडे आहेत: फेडेड, क्लीन, मड, क्वाएट. ड्रेस विटका आहे पण स्वच्छ आहे, हे वाक्य मुलांना शोधायला लावा. एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, मग रोज रात्री धुता काय गो ती?" वांडाला आई नाही, हे पुस्तकात आहे. धुणारी तीच. हे ऐकल्यावर त्या दिवशी पुढचं वाचायची गरज उरली नाही.

6. फाडलेली चिठ्ठी

चौथ्या ते सातव्या तासापर्यंत मी इथेच असते. बाकी कुठे घाई करा, इथे करू नका.

आधी पेगी. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की पेगी दुष्ट नाही. लहान मुलांना कोणी त्रास दिला तर ती त्यांच्या बाजूने उभी राहते, प्राण्याला कोणी छळलं तर तासन्‌तास रडते. मुलं गोंधळतात, आणि त्यांनी गोंधळावं. वर्गातल्या पेगीलाही हे ऐकायचं असतं की आपण राक्षस नाही. तसं वाटलं तरच ती आत डोकावून बघेल.

मग मॅडी. ती स्वतः गरीब आहे, पेगीचे जुने ड्रेस वापरते, आणि तिची आई त्यांना थोडं वेगळं रूप देते म्हणजे कोणी ओळखू नये. तिला भीती ही की वांडानंतर पाळी आपली. एकदा ती पेगीला चिठ्ठी लिहायला घेते, वांडाला छेडणं थांबव म्हणून. मग पुढचं डोळ्यांसमोर येतं आणि ती चिठ्ठी फाडून टाकते.

तास असा घ्यायचा. सगळ्यांना एकसारखी चिठ्ठी द्या आणि मॅडीने फाडलेली ती चिठ्ठी लिहायला सांगा. चौकट फळ्यावर:

'डिअर पेगी, प्लीज स्टॉप...'
'व्हेन यू..., शी...'
'आय वॉज अफ्रेड बिकॉज...'

आठवीला चौथी ओळ 'आय शुड हॅव...' अशी देते. व्याकरणाच्या पुस्तकातून हा प्रकार मुलांच्या डोक्यात शिरत नाही, इथे एका तासात शिरतो, कारण करायला हवं होतं आणि केलं नाही अशी गोष्ट प्रत्येकाजवळ असते. शब्द अडला तर मराठीत किंवा मालवणीत लिहू द्या. नाव घालायचं नाही.

लिहून झालं की सांगा: चिठ्ठी खोक्यात टाका किंवा मॅडीसारखी फाडा, तुमची मर्जी. आणि तुम्ही पाठ करून फळा पुसत राहा. कोण फाडतं ते बघायचं नाही. पहिल्यांदा हे केलं तेव्हा मागे कागद फाटण्याचे आवाज एकामागून एक येत राहिले आणि मला वाटलं तास वाया गेला. खोक्यात अकरा चिठ्ठ्या होत्या. एकीवर पेगीचं नाव नव्हतं, इंग्रजी नव्हतं, एकच ओळ होती: "बाई, मी हसूक नाय, पण गप रवलंय."

अशा चिठ्ठ्या वर्गात वाचू नका. अक्षरावरून मूल ओळखलंत तरी त्याला बोलावून विचारू नका. घरी नेऊन नष्ट करा, फक्त पायरी 9 मध्ये सांगितलेल्या प्रकारातली असेल तर जपून ठेवा. वर्गाला एवढंच सांगा: चिठ्ठ्या वाचल्या, मला आवडल्या.

सातव्या तासाला सराव. मॅडीने काय केलं असतं तर? मुलांची पहिली उत्तरं सिनेमातली असतात, पेगीला ढकलीन, सगळ्यांसमोर सुनावीन. तसं कोणी करत नाही. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेला 'किवा' हा शाळांचा उपक्रम बघणाऱ्यांवरच भर देतो, आणि मीही तिथूनच धडा घेतला: धाडस फारसं लागणार नाही अशा गोष्टी शिकवा. तीनच घ्या. शेजारी जाऊन उभं राहणं. तिला तिथून उठवून नेणं, "चल, पाणी पिऊक जाऊया." आणि नंतर मोठ्या माणसाला सांगणं. तिन्हींची इंग्रजी वाक्यं करा, जोडीने म्हणा, 'कम, लेट्स गो', 'सिट विथ अस', 'टीचर, कॅन आय टॉक टू यू?' उठवून नेण्यासाठी आवाज मोठा करावा लागत नाही, म्हणून लाजरी मुलं ते पटकन उचलतात.

नाट्यीकरण करायचं असेल तर वांडाची भूमिका कोणत्याही मुलाला देऊ नका. कितीही हौशी असलं तरी नाही. खुर्चीवर निळं कापड टाका, तीच वांडा. तिची वाक्यं तुम्ही वाचा. एका वर्षी मी हे विसरले आणि वांडा झालेल्या मुलीला पुढचा महिनाभर 'शंभर ड्रेस' हे नाव चिकटलं.

7. शंभर चित्रं

गोष्टीत शाळेत चित्रांची स्पर्धा असते, मुलींनी ड्रेस काढायचे, मुलांनी मोटरबोटी. वांडा शंभर वेगवेगळ्या ड्रेसची चित्रं पाठवते आणि जिंकते, पण निकालाच्या दिवशी ती वर्गात नसते.

दोन तास चित्रांना द्या. स्पर्धा नको, क्रमांक नको, बक्षीस नको. सगळ्या वर्गाने मिळून शंभर पूर्ण करायची. ड्रेस काढा किंवा बोट, ज्याला जे हवं ते. माझ्याकडे मुलीच बोटींवर तुटून पडल्या. एकीने आजोबांची पात (छोटी होडी) काढली, वल्ह्यासकट, आणि जाळ्याचे गाठीन्‌गाठ ठिपके. चित्राखाली इंग्रजीत दोन वाक्यं लिहायची: 'धिस इज...', 'इट हॅज...' शब्दांची पट्टी आधीच लावून ठेवा: स्लीव्ह, कॉलर, पॉकेट, बटन, नेट, ओअर, सेल, अँकर. शेवटची वीस-पंचवीस चित्रं राहिली की मुलं मधल्या सुट्टीतही काढायला बसतात आणि मोजणी कोणी करायची यावरून एरवी न जमणाऱ्या जोड्या जमतात. जमू द्या.

8. बापाचं पत्र आणि रिकामं घर

वांडाच्या वडिलांचं पत्र येतं. ते मोठ्या शहरात जात आहेत, जिथे पोलंडचे म्हणून हिणवणारी हाक त्यांना कोणी मारणार नाही आणि नावाला कोणी हसणार नाही. मोडक्या इंग्रजीतलं पत्र आहे. ते वाचताना मुलं चुका दाखवू लागतील. एवढंच विचारा: "तुमच्या बाबांना मंत्रालयात इंग्रजीतून पत्र लिहायचं झालं तर?" तेवढं पुरतं.

मग पाकीट काढा. पहिल्या दिवशी नावावर काय काय हसलो होतो ते वाचा, कोण म्हणालं होतं ते सोडून. त्यानंतर मी फळ्यावर 'घाटी' आणि 'बहादूर' हे दोन शब्द लिहिते आणि पुसते. समजावून सांगत नाही. घाटावरून आलेल्या शिक्षकांनी पहिला शब्द लिहिताना मन घट्ट करावं लागेल, पण तुम्ही लिहिलेला तो जास्त खोल जातो.

मॅडी आणि पेगी वांडाच्या घरी जातात, घर रिकामं. त्या तिला पत्र लिहितात. नाताळच्या सुमारास वांडाचं उत्तर येतं: वर्गातल्या मुलींनी चित्रं ठेवून घ्यावीत, त्यातलं एक पेगीला, एक मॅडीला. नंतर मॅडीच्या लक्षात येतं की त्या चित्रांतले चेहरे त्यांचेच आहेत.

वांडाने माफ केलं का? या प्रश्नावर दरवर्षी वर्ग फुटतो. पेगीला हायसं वाटतं, मॅडीला नाही. निकाल देऊ नका. शेवटच्या तासाला मुलं वांडाला पत्र लिहितात, पाच-सहा ओळींचं, औपचारिक पत्राच्या नमुन्यात कोंबलेलं नको.

9. एखादं मूल खरं सांगू लागलं तर

हे होणार, तयारीत राहा.

"कोणाला सांगणार नाही" असं वचन कधी देऊ नका. "मला ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन" असं म्हणा. ऐका, तारीख घालून लिहून ठेवा, त्याच दिवशी मुख्याध्यापकांशी बोला. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आणि तक्रारपेटी असते. समितीत कोण आहे ते आधीच माहीत करून घ्या. मुलांना 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा मोफत क्रमांक द्या आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा 14416. लैंगिक स्वरूपाचं काही कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे, शाळेचं नाव खराब होईल या विचाराने थांबायचं नाही.

आणि सगळ्यात जास्त होणारी चूक: दोघांना समोरासमोर उभं करून "सॉरी म्हण, हात मिळव" असं करू नका. ज्याला त्रास झाला त्याला त्या क्षणी पुन्हा हसावं लागतं, आणि बाहेर गेल्यावर त्याची किंमत मोजावी लागते. दोघांशी वेगवेगळं, वेगवेगळ्या दिवशी बोला. पालकांना बोलावताना कारण वर्गात पुकारू नका.

10. गुण आणि नंतरचं

आकारिक मूल्यमापनात चित्राखालची वाक्यं आणि शेवटचं पत्र धरा. गुण भाषेला द्या. कोणाला किती वाईट वाटलं याला गुण दिलेत तर पुढच्या वेळी सगळे रडकी पत्रं लिहितील.

डिसेंबर संपताना पायरी 3 मधला वर्गाचा नकाशा पुन्हा काढा, जुना न बघता, मग दोन्ही शेजारी ठेवा. गेल्या वर्षी माझ्याकडे दोन बाकांवर फरक दिसला. तिसऱ्या बाकावरचा मुलगा नकाशात तिथेच होता, एकटा. त्याला पुस्तक पुरलं नाही. जानेवारीत मी त्याच्या घरी जाऊन आले, सड्यावर, पाऊण तासाची चढण. वाटेत कळलं की त्याला गाठतात ते वर्गातले नव्हेतच, वरच्या इयत्तेतले, आणि गाठतात ते उतरणीच्या वळणावर, शाळेच्या आवाराबाहेर. दुसऱ्या दिवसापासून त्याच वाडीतल्या दहावीच्या मुलीबरोबर त्याचं येणं-जाणं ठरवून दिलं.